गुळगुळीत भिंत, भारहीन दांडी

स्थितिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या शिडी चढत आहे. त्याचे वजन बहुधा 75 किलो असते, त्याला नाव नसते, गाव नसते, कुटुंब नसते, आणि तो वर कशासाठी निघाला आहे, कौले शाकारण्यासाठी, माळ्यावरची बरणी उतरविण्यासाठी की केवळ परीक्षामंडळाचा हुकूम म्हणून, याची चौकशी आजवर एकाही ग्रंथकाराने केलेली माझ्या पाहण्यात नाही. ज्या भिंतीला शिडी टेकलेली असते ती भिंत गुळगुळीत असते, शिडी स्वतः भारहीन असते, आणि हा गृहस्थ मोठ्या विश्वासाने तीन-चतुर्थांश उंचीवर पोहोचला न पोहोचला तोच त्याला तेथेच तटकळत ठेवून, खाली सुरक्षित बसलेल्या विद्यार्थ्यास विचारण्यात येते की, आता शिडी घसरेल किंवा कसे. त्याच पुस्तकाच्या पुढच्या पानांवर ज्याला घर्षण ठाऊक नाही अशी कप्पी, जो कधी ताणून लांबत नाही असा दोर आणि जी कितीही ओझे घातले तरी वाकत नाही अशी तुळई यांची वस्ती आहे. वेदान्त्यांच्या ब्रह्माखेरीज इतके उपाधिरहित पदार्थ एकत्र नांदताना अन्यत्र कोठे आढळावयाचे नाहीत.

1983 साली शेगावास श्री संत गजानन महाराजांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे बुलढाणा, चिखली, मलकापूर येथेही तशी महाविद्यालये उभी राहिली, आणि तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातील ज्या ओसऱ्यांवर पूर्वी पटवाऱ्याचे दप्तर उघडत असे तेथे हा शिडीवरचा मनुष्य कायमचा मुक्कामास आलेला आहे. आमच्या ओसरीवर त्याला माझ्या भाच्याने आणले. भाचा प्रथम वर्षात शिकतो, उदाहरणे मोठ्याने वाचून सोडवितो, आणि त्या वाचनाला श्रोता म्हणून आळीतले एक वयोवृद्ध धुरकरी, ज्यांना सारी आळी आबा म्हणते, नेमाने येऊन बसतात. उदाहरणातील भिंत गुळगुळीत आहे हे कानी पडताच आबांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि विचारले, "गुयगुयीत भित? कोनाच्या घरची रे बापू? आपल्या गावात तं म्या पायली नाई."

या आक्षेपाचे उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही, कारण आक्षेप वास्तविक ग्रंथकर्त्यांवरच आहे. मातीच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीला शिडी टेकविली तर भिंतीचे घर्षण थोडेफार तरी आधाराला येतेच. परंतु ग्रंथकार ते 'नगण्य' ठरवून निकालात काढतो, आणि मग सर्व जबाबदारी जमिनीवर येऊन पडते. शिडी जमिनीशी 60 अंशांचा कोन करीत असेल आणि मनुष्य थेट शेंड्यावर गेला असेल, तर घर्षणांक निदान 0.58 असला पाहिजे. तीच शिडी 75 अंशांवर उभी केली तर 0.27 नेही भागते. आबांच्या पद्धतीत कोनही नाही आणि घर्षणांकही नाही. "खालच्या पायरीवर एक पोरगं उभं कर, मंग चढ," एवढेच त्यांचे म्हणणे. भाच्याने ते हसण्यावारी नेऊन, परंतु पेन्सिल हातात होती म्हणून, गणित मांडले. आणि 60 अंशांच्या शिडीच्या पायथ्याशी 25 किलोंचे पोरगे उभे करताच आवश्यक घर्षणांक 0.58 वरून 0.43 वर उतरला, कारण पोराच्या वजनाने जमिनीवरचा दाब वाढतो, त्याबरोबर घर्षणाची मर्यादा वाढते, आणि पोरगे पायथ्याशीच असल्यामुळे शिडीला घसरविण्याच्या कामी मात्र त्याचा काडीइतका हातभार लागत नाही. शिडीखालचे पोरगे हा आमच्याकडील बांधकामाचा अविभाज्य घटक असताना एकाही पाठ्यपुस्तकात त्याचे चित्र नसावे, ही गोष्ट मला त्या पोराच्या वतीने नेहमी खुपत आलेली आहे.

या शास्त्राची मुख्य किल्ली म्हणजे ज्याला विद्यार्थी 'फ्री बॉडी डायग्राम' म्हणतात ती आकृती. ज्या वस्तूचा प्रश्न असेल ती सर्व आप्तसंबंधांतून तोडून काढावयाची, कोऱ्या कागदावर एकटी उभी करावयाची, आणि इतरांनी तिच्यावर काय काय केले तेवढेच बाणांनी दाखवावयाचे. तिने इतरांना काय केले हे चुकूनही लिहावयाचे नाही. दिवाणी न्यायालयाच्या आवारात कडुनिंबाखाली बसणाऱ्या एखाद्या जुन्या अर्जनविसाला ही कला शिकविण्यास अर्धा तास पुरेल, कारण त्याने जन्मभर दुसरे केलेच नाही: शिडीची फिर्याद अशी की, भिंतीने मला ढकलले, जमिनीने मला वर रेटले, मनुष्य विनाकारण माझ्यावर चढला, आणि अशी माझी सर्व बाजूंनी कोंडी झाली. आपणही भिंतीला तितक्याच जोराने रेटीत होतो, याबद्दल अर्जदार मौन धारण करतो. भिंतीस काही म्हणावयाचे असेल तर तिने स्वतंत्र अर्ज करावा. त्यात हाच बाण उलट्या तोंडाने निघेल, आणि न्यूटनसाहेबांच्या तिसऱ्या नियमान्वये दोन्ही अर्जांतील रकमा पैसोपैसा जुळतील. मुळात वस्तू हालत नाही, तेव्हा सर्व फिर्यादींची बेरीज शून्य आहे, एवढे गृहीत धरून हा दावा चालतो. विद्यार्थी चुकतात ते बेरजेत नव्हे, तोडण्यात: कोणता संबंध तोडला आणि तोडल्या जागी कोणता बाण लावावयास हवा होता हे विसरले की पुढचे सारे गणित बिनचूक असूनही उत्तर दुसऱ्याच कोणाचे तरी येते.

आणि या दाव्यात एक सवलत अशी आहे की, जी महसुली किंवा दिवाणी कोणत्याच दफ्तरात मिळत नाही. बाण कोणत्या दिशेचा हे ठाऊक नसेल तर मनास येईल ती दिशा धरावी. खोटी निघाली तर उत्तरापूर्वी उणे चिन्ह येते, आणि तेवढ्यावर सर्व प्रकरण मिटते, न दंड, न मुचलका, न नवा मुद्रांक. मात्र एका पातळीतल्या वस्तूस समीकरणे तीनच मिळतात, दोन दिशांची दोन आणि परिबलाचे एक, आणि अज्ञाते चार झाली की शास्त्र हात टेकते. बाजूच्या खोलीतले चार पायांचे टेबल कोणत्या पायावर किती भार देते हे केवळ या समीकरणांनी ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. त्यास टेबलाची लवचीकता, फरशीचा उंचसखलपणा आणि पायाखाली घडी घालून सरकविलेला कागद यांचाही विचार करावा लागतो. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर मुकाट्याने तीनही पाय टेकते, आणि तिचा प्रत्येक पाय आपल्या वाट्याचा भार विचारताक्षणी सांगतो.

परंतु स्थितिशास्त्राचे खरे विद्यापीठ आमच्या जिल्ह्यात बंडीच्या कण्यावर भरत असे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केलेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर वर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव खाली. आणि घाटावरचा कापूस घाटाखालच्या बाजारात उतरावयाचा म्हणजे बंडीचा कणा हा टेकू, एका बाजूस ओझे आणि दुसऱ्या बाजूस बैलांच्या माना, अशी तरफ दोन चाकांवर डुलत निघावयाची. ओझ्याचा गुरुत्वमध्य कण्याच्या पुढे 15 सेंटिमीटर पडला, ओझे 800 किलोंचे असले आणि जू कण्यापासून 240 सेंटिमीटरांवर असले, तर जोडीच्या मानेवर 50 किलोंचा भार येतो; हा बैलांना सोसतो, किंबहुना थोडा भार मानेवर असल्याशिवाय जू जागेवर बसत नाही. तोच गुरुत्वमध्य 15 सेंटिमीटर मागे सरकला की हे 50 किलो उलट्या चिन्हाचे होतात: जू वर उचलते, गळ्याखालचा पट्टा बैलांच्या नरड्याला लागतो, आणि बंडी उलाळते. पाठ्यपुस्तकात जे उणे चिन्ह निमूटपणे उत्तराच्या डाव्या बाजूस जाऊन बसते, ते येथे दोन बैलांना टाचांवर उभे करते.

याहून सूक्ष्म भाग पुढे आहे. गुरुत्वमध्य कण्याच्या वर असतो, कापसाची बंडी तर चांगली उंच भरलेली. तेव्हा राजूरच्या घाटाची चढण लागताच सारी बंडी मागे कलते आणि ओझ्याची लंबरेषा कण्याच्या मागच्या अंगाला सरकते. गुरुत्वमध्य कण्यापासून एक मीटर उंच आणि चढ बारास एक असा धरला तर हे सरकणे सुमारे 8 सेंटिमीटरांचे होते, म्हणजे सपाटीवर ठरविलेल्या 15 पैकी निम्म्याहून अधिक रक्कम घाटातच खर्ची पडते, आणि उतारावर तीच व्याजासह बैलांच्या मानेवर जमा होते. भाच्याने हे सिद्ध करण्यास दोन आकृत्या आणि एक संध्याकाळ घेतली. आबा ऐकत होते. ते म्हणाले, "चढावर बंडी उलायते, तवा म्या धुरेवर पुढं सरकतो. उतारावर उतरून पायी चालतो." साठ किलोंचा धुरकरी कण्यापासून दोन मीटर पुढे बसला की मानेवर 50 किलोंची भर पडते, हे भाच्याने तत्काळ तोंडी काढले, आणि धुरकऱ्याचे वजन उदाहरणात नगण्य धरलेले होते, हेही त्याने, ओशाळून नव्हे पण आवाज थोडा उतरवून, नमूद केले. मला स्वतःला असे वाटते की, बंडीत बसलेल्या स्थूल पाहुण्यास "जरा पुढे या, तेथे वारा चांगला लागतो" असे म्हणून सरकविणारा धुरकरी हा उपयोजित यामिकीतला पहिल्या प्रतीचा तज्ज्ञ समजला पाहिजे. त्यात शास्त्र आहे आणि शिष्टाचारही आहे.

मोटेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण आता मोटा राहिल्या नाहीत. विहिरीवरचे एकटे स्थिर चाक भार हलका करीत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते, हे प्रत्येक शाळकरी पोरास पाठ असते; मग बैलांना 150 लिटर पाण्याची मोट सोसावी कशी? त्याचे उत्तर धावेच्या उतारात आहे. जोडीचे वजन 700 किलो आणि उतार 12 अंशांचा धरला तर उताराच्या दिशेने त्यांच्या स्वतःच्या वजनाचा सुमारे 145 किलो भाग नाड्यावर येतो, म्हणजे पाणी बैलांचे वजनच बहुतांशी वर आणते. स्नायूंचे देणे त्यांना परतताना, उलट्या पावलांनी चढ चढून, चुकते करावे लागते. उतारावरच्या भाराचा हा नियम फ्लँडर्समधील सायमन स्टेव्हिन याने 1586 साली एका उतरणीवर गोळ्यांची माळ कल्पून सिद्ध केला, आणि त्या शोधाचा त्याला इतका अभिमान वाटला की ती माळ त्याने ग्रंथाच्या मुखपृष्ठावर घातली. धाव बांधणाऱ्या आमच्या कुणब्याने मुखपृष्ठ काढले नाही. तो सोंदूर ओढून मोट थारोळ्यात रिती करण्याच्या गडबडीत होता.

घाटाखाली उतरलेला कापूस खामगावास जाई. 1870 साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तेथला कापसाचा बाजार आणि जलंबहून आलेला आगगाडीचा फाटा यांचा थाटाचा समारंभ झाला, आणि पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहून त्यांच्या टिनाच्या छपरांखाली कैंच्या आल्या. कैंचीचे उदाहरण म्हणजे विद्यार्थ्याच्या सहनशक्तीची कसोटी: एकेक सांधा घ्यावा, दोन समीकरणे मांडावी, दोन दांड्यांतील ताण किंवा दाब काढावा, पुढल्या सांध्यावर जावे, आणि शेवटच्या सांध्यावर पोहोचून हिशेब जुळला नाही तर पुन्हा पहिल्या सांध्यावर यावे. या प्रवासात मध्येच अशी एक दांडी भेटते की तिच्यात ताणही नाही आणि दाबही नाही. ज्या सांध्यावर भार नाही, जेथे तीन दांड्या मिळतात आणि त्यांपैकी दोन एका रेषेत आहेत, तेथे तिसरीचे बल शून्यच असावयाचे. परंतु शून्य उत्तर आले की विद्यार्थ्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो. एवढे गणित करून शून्य मिळावे हे त्याला श्रमाच्या मोबदल्याच्या सर्व कल्पनांविरुद्ध वाटते, आणि मग तो कोठून तरी चार किलोन्यूटन आणून त्या दांडीत घालतो. भाच्याने निराळा मार्ग काढला: ती दांडी काढूनच टाकावी, लोखंड वाचेल. वस्तुतः तिच्यामुळेच शेजारची लांब दाबदांडी मध्यावर बाकदार होण्यापासून वाचलेली असते, आणि कारखान्याचा मिस्त्री तर यंत्र उचलण्याची कप्पी नेमकी त्याच सांध्याला टांगतो. त्या क्षणी शून्याचे शून्यत्व संपते.

देऊळगाव राजास बालाजीच्या यात्रेत मंडपासाठी सागाच्या उंच लाटा उभ्या करून दोरांनी ताणतात, तेव्हा असाच एक चमत्कार नजरेस येतो. दोर सर्व बाजूंनी तिरपे, ओढणारे आपापल्या दिशेने ओढणारे, आणि आडव्या दिशेची सारी ओढाताण परस्परांत वजा होऊन जे खाली उरते ते सगळे लाटेच्या माथ्यावरून जमिनीत जाते. जितक्या भक्तिभावाने ओढावे तितकी लाट अधिक दाबली जाते. सतराव्या शतकात लामी नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने तीन बलांच्या समतोलाचा सिद्धान्त मांडला, तोही देवाच्या चाकरीतलाच मनुष्य होता, हे भाच्याला सांगितले तेव्हा त्याने परीक्षेत त्याला किती गुण असतात एवढेच विचारले.

बुलढाणा शहरास पाणी पाजणारे पैनगंगेवरचे येळगाव धरण मात्र त्याला मनापासून आवडले. उभ्या आयताकृती फळीच्या माथ्यापर्यंत पाणी असेल तर पाण्याच्या एकूण दाबाचा रोख तळापासून एक-तृतीयांश उंचीवर पडतो. खिळ त्याहून किंचित वर असली की फळी मिटलेली राहते, आणि पाणी माथ्यावरून चढू लागले की हा रोख वर सरकत सरकत खिळीच्या वर जातो व फळी आपसूक कलंडते. येळगावचे स्वयंचलित दरवाजे, ज्यांना गोडबोले गेट म्हणतात, ते याच कुळातले: एका बाजूस पाण्याच्या दाबाचे परिबल, दुसऱ्या बाजूस वजनाचे, आणि पहिले दुसऱ्याहून वरचढ झाले की दरवाजा उघडतो, पाणी उतरले की मिटतो. त्यास वीज लागत नाही, पहारेकरी लागत नाही, वरून हुकूम यावा लागत नाही. या व्यवस्थेतले न्यून म्हणाल तर एकच की, दरवाजा कोणत्या घटकेस उघडेल हे ठरलेले नसल्यामुळे कोणा थोर पाहुण्याच्या हस्ते तो उघडता येत नाही.

दगडाचे शास्त्र निराळे. सातगाव भुसारी, साकेगाव, मेहकर, लोणार येथील हेमाडपंती देवळांतून हिंडताना प्रथम मनात भरते ती खांबांची दाटी. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. आडव्या तुळईच्या पोटाशी ताण येतो, आणि जाडी तीच ठेवून अंतर दुप्पट केले तर स्वतःच्याच वजनाने तो चौपट होतो, म्हणून जुन्या स्थपतीने खांब जवळ जवळ घेतले, वर हस्त काढून उरलेले अंतरही कमी केले, आणि चुन्याचे बोटही न लावता सारे देऊळ केवळ वजनावर बसविले. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात विष्णू लवणासुरावर उभा आहे. मूर्ती शतकानुशतके हाललेली नाही, त्याअर्थी भगवंत जितक्या बलाने दैत्यास खाली दाबीत आहेत, नेमक्या तितक्याच बलाने दैत्य भगवंतांस वर तोलून धरीत आहे, असे भाच्याने देवळात, गाभाऱ्यासमोर, सर्वांदेखत जाहीर केले. पुजारी काही बोलला नाही. आबांनी मात्र हात जोडले, बहुधा दोघांनाही.

लोणारचे विवर उल्कापाताने झाले असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. स्थळपुराण सांगते की, लवणासुर भुयारात दडला होता, आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या भुयाराचे झाकण उडविले, ते नैर्ऋत्येकडे धाकेफळाजवळ जाऊन पडले. विवराचा व्यास सुमारे 1,800 मीटर. काठावर बसून भाच्याने झाकणाची जाडी अवघी एक मीटर धरली आणि काळ्या दगडाचे वजन घनमीटरास 2.9 टन धरले, तेव्हा झाकण 74 लाख टनांचे भरले. परंतु सबंध झाकण उचलण्याचे कारणच काय, एक कड टेकलेली ठेवून समोरच्या कडेला अंगठा लावला तर तरफेच्या नियमाने निम्म्यात, म्हणजे 37 लाखांत, काम होते. आता कोणती कड टेकली होती? झाकण नैर्ऋत्येस पडले, तेव्हा टेकू नैर्ऋत्येचा. अर्थात अंगठा ईशान्येस लागला असला पाहिजे, जेथे आज गोमुखाची धार पडते. पुराण आणि परिबल यांची अशी रुजवात झालेली पाहून आबांनी मान डोलावली, आणि झाकण उभे झाल्यावर पुढे धाकेफळापर्यंत कसे गेले तेही काढून दाखव म्हणाले.

भाच्याने वही मिटली. "ते गतिशास्त्र, आबा," तो म्हणाला, "आम्हांला ते दिवाळीनंतर आहे."